गिरणी बोलेना

आमच्या गावात कुणी गेलं की गिरणी बंद व्हायची. मयत उचलेपर्यंत दळण नाही, मग दारात डब्यांची कितीही रांग असो. हा नियम कुणी घालून दिला होता माहीत नाही, पण तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे. गाव अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, गिरणी एकच, आणि ती आमची. त्यामुळे दळणाच्या वेळेला गिरणीचा आवाज आला नाही, की शेतातली माणसं निंदणं थांबवून एकमेकांना विचारायची, "कोन गया रे?"

आवाजही असा, की तो नसला तर लगेच कळावं. इंजिन जुनं, एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं. आधी ते कुणाच्या तरी विहिरीवर पाणी उपसायचं. तिथे विजेची मोटर बसली तेव्हा नानांनी ते उचलून गिरणीसाठी आणलं. वीज गावातही आली होती, पण ती आमच्या काकांसारखी, मनात येईल तेव्हा यायची आणि ऐन कामाला नसायची. इंजिनाची धुराची नळी गिरणीच्या मागच्या भिंतीतून निघून पत्र्याच्या वर गेली होती. तिच्या तोंडावर नानांनी एक लोखंडी टोपण बसवलं होतं, एका बाजूने अडकवलेलं. इंजिन चालू झालं की धुराच्या प्रत्येक ठोक्याला ते टोपण उडायचं, पडायचं, आणि 'कुक्, कुक्, कुक्' असा आवाज शिवारभर जायचा. "आपली गिरणी बोलस तशी कोनीच बोलत नही," असं नाना ऐटीत सांगायचे. नाना म्हणजे माझे वडील. सारं गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो.

भाऊ मला नव्हता. थोरली बहीण लग्न होऊन सुरतेला गेली होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं, कारण नाना आजारी पडल्यापासून गिरणी मीच चालवत होते. लग्नाच्या वयाची पोर इंजिनाचं हँडल मारते म्हणून सुरुवातीला चार तोंडं वाकडी झाली. मग पीठ पूर्वीसारखंच बारीक येतंय म्हटल्यावर ती सरळ झाली. मलाही कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

नानांचा खोकला जुना होता. सगळा जन्म पिठात उभं राहिलेला माणूस खोकणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि नानांना आत बसवून मला, मायला आणि काकांना व्हरांड्यात बोलावलं. फुफ्फुसात गाठ आहे, पसरली आहे, मुंबईला नेलं तरी उपयोग नाही. "घरी घेऊन जा. जे खावंसं वाटेल ते द्या," एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांची काही चूक नव्हती. तरी त्यांच्या पाठीकडे बघताना मला हातातली पाण्याची बाटली त्यांना फेकून मारावीशी वाटली.

नानांना सांगायचं नाही, हे तिथे व्हरांड्यातच ठरलं. ठरवलं काकांनी, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाने. "त्याले सांगशात तं तो आजच मरी जाई," काका म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसायला लागले. माय काहीच बोलली नाही, म्हणजे तिचाही होकार धरला गेला. नानांना सांगितलं की छातीत पाणी झालंय, गोळ्यांनी उतरेल. नानांनी ते इतक्या सहज मानलं की मला त्यांचाच राग आला. संक्रांत झाली की इंजिन खोलू, पिस्टनच्या रिंगा बदलू, खालचा चौथरा हादरतोय तो नवीन बांधू, असे बेत ते खाटेवर पडल्यापडल्या करायचे. मी "हा नाना, हा नाना" करत गोळ्यांचं पाकीट फोडायची.

गावाला मात्र सगळं ठाऊक झालं होतं. काकांच्या पोटात काही राहत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण नानांसमोर "आता तब्येत सुधारलेली दिसतेय" म्हणायचा आणि दाराबाहेर पडला की मायला हळूच विचारायचा, "काही खातस का?" खाट गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत होती. मधल्या दारातून नानांना इंजिनाचं चाक दिसे, आणि दारात उभं राहून कुजबुजणारी माणसंही दिसत. त्यांना ऐकू काय जात होतं, देव जाणे.

पौषातली एक सकाळ. थंडी इतकी की हँडलचं लोखंड हाताला चावत होतं. इंजिन चालू करायला आम्ही दोघी लागायचो. माय वॉलची, म्हणजे व्हॉल्व्हची, पट्टी उचलून धरायची, म्हणजे आतला दाब सुटा राहतो आणि चाक फिरवता येतं. मी हँडल मारून चाकाला वेग द्यायचा, आणि "सोड" म्हटलं की तिने पट्टी सोडायची. त्या क्षणी दाब धरतो, डिझेल पेटतं. एरवी एका-दोन खेपांत काम होई. त्या दिवशी एक ठोका पडला, दुसरा अर्धाच, आणि चाक रेंगाळत थांबलं. पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

आधी आम्ही थंडीला बोल लावला. चुलीवर पाणी तापवून इंजिनात ओतलं, अंग गरम झालं की पेटेल म्हणून. नाही पेटलं. मग मी टाकी पाहिली, डिझेल भरपूर होतं. फिल्टरची वाटी उतरवली, पाणी-गाळ काही नाही. मग वाटलं, नळीत हवा धरली असेल. पंपाजवळचा नट ढिला करून डिझेल वाहू दिलं, बुडबुडे संपून सरळ धार लागली, नट आवळला. हँडल सावकाश फिरवलं तर नोझलमधून 'चर्र' असा आवाज स्पष्ट यायचा, म्हणजे डिझेल आत पडत होतं. पट्टी सोडून हँडल दाबलं तर ते दाबावर येऊन उलटं उसळत होतं, म्हणजे रिंगाही ठीक. जे जे तपासावं ते चांगलंच निघत होतं, आणि इंजिन काही चालू होत नव्हतं. फक्त एक गोष्ट वेगळी होती. ठोका पडला की धूर हवेच्या जाळीतून उलटा आत, गिरणीतच पसरायचा. आमचे डोळे झोंबायला लागले आणि भिंतीपलीकडे नाना खोकायला लागले.

"वॉल जळेल व्हई," ते खाटेवरून म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता, पण आवाजात जान आली होती. किती दिवसांनी त्यांना इंजिनाचं काही सांगायला मिळत होतं. "मुंडकं खोली देख."

मुंडकं, म्हणजे इंजिनाचं हेड, खोललं. त्यात दुपार गेली. वॉल काढला, तो काही जळलेला नव्हता. तरी नानांचं समाधान व्हावं म्हणून तो पावडर लावून घासला, पुसला, सगळं पुन्हा बसवलं. तोवर दिवस मावळला. बायका डबे तसेच घेऊन परत गेल्या. त्यांच्यातल्या एकीने जाता जाता मायच्या खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा ते नुसतं दळण न झाल्याबद्दलचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडलेलं इंजिन पुन्हा एक ठोका देऊन गप्प झालं. मी हँडल मारत होते, माय पट्टी धरत होती, नाना पलीकडून "आते सोड, आते" असं सांगत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बाहेर ओट्यावर माणसं बसली आहेत. डोक्यावर उपरणी घेतलेले, जमिनीकडे बघणारे गावातले म्हातारे. शेतातनं आलेले चुलतभाऊ अंगणाच्या भिंतीशी उभे होते, आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवलेले दोन हिरवे बांबू. गिरणी दोन दिवस बंद, आणि घरात मरायला टेकलेला माणूस. गावाने दोन आणि दोन चार केले होते. डबे परत नेणाऱ्या बायकांनी सांगितलं असेल, तेही कुणी खरं धरलं नाही. इंजिनाचा खडखडाट ऐकूनही कुणाच्या डोक्यात आलं नाही, की मयताच्या घरात इंजिन कोण दुरुस्त करत बसेल? मी हँडल हातात घेऊनच बाहेर आले. मला बघून ते सगळे गोंधळले. एकाने तर मयत केव्हा उचलायचं म्हणून विचारलं, "कव्हय नेनं शे?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

"बाहेर कोन शे?" नानांनी आतून विचारलं.

"कोनी नही नाना. दळणवाला शेतस," मी म्हटलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा उठला. "मना भाऊ रे! माले सोडी कसा गया रे!" ती माझी फुई, नानांची बहीण. ती धुळ्याला राहायची. गावच्या कुणाकडून तरी आमची गिरणी बंद असल्याचं तिच्या कानावर गेलं आणि ती पहिली एस.टी. धरून आली. आमच्याकडे माहेरच्या मयताला बाई गल्लीपासून रडत येते, तशी ती डोक्यावरचा पदर सोडून, छाती पिटत, ओट्यावरच्या माणसांतून सरळ आत शिरली आणि खाटेसमोर येऊन उभी राहिली. नाना उशीला टेकून बसले होते. त्यांच्या हातात चहाची बशी होती.

फुईचा आवाज मधेच तुटला. तोंड उघडंच राहिलं.

"रड बाई, रडी ले," नाना म्हणाले. "मी ऐकी ऱ्हायनू."

ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं. माय तर पदरात तोंड लपवून हसली की रडली ते कळलं नाही. नाना मात्र हसले नाहीत. उघड्या दारातून ते बाहेर बघत होते. एकेका चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांची नजर भिंतीशी गेली.

"हाऊ बांबू कसाले आनेल शे?"

नानांनी बशी खाली ठेवली. चहा खाटेवर सांडला.

"तुमले बठ्ठासले मालूम व्हतं?"

सगळ्यांनाच ठाऊक होतं. काका दारात उभे होते, ते हळूच मागे सरकले. मला त्या क्षणी सगळ्यांचीच घृणा आली, आमच्या घरासकट.

फुईला काहीतरी बोलून आपली सोडवणूक करायची होती. ती रडक्या आवाजात म्हणाली, "मी काय समजू भाऊ? गिरणी बंद. मागून येता येता देखं तं नळीवर तुनं धोतर बांधेल. मंग माले खरंच वाटनं."

"नळीवर धोतर?"

मी मागच्या बाजूला धावले. पाण्याच्या पिंपावर चढून पत्र्याकडे पाहिलं. धुराच्या नळीच्या तोंडावर, टोपणासकट, नानांचं जुनं धोतर चार पदरी घडी करून गुंडाळलं होतं आणि वरून सुतळीने करकचून बांधलं होतं. दोन दिवस आम्ही इंजिनाच्या पोटात शोधत होतो, आणि त्याचा श्वास बाहेरून कोंडलेला होता. जळलेला धूर बाहेर पडायला वाट नाही, तर नवी हवा आत येणार कुठून? म्हणून एक ठोका, आणि बंद. आम्ही दोघी आत असायचो, नाना खाटेवर. मागे जाऊन वर बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

माय माझ्या मागे येऊन उभी होती.

"त्यास्ले झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "ते टोपण दिवसभर डोक्यात वाजस म्हणे. वाटनं, बांधी टाकं तं आवाज थोडा कमी व्हई."

दोन दिवस ती माझ्याबरोबर पट्टी धरून उभी होती आणि आवाजाचा नि इंजिन चालू होण्याचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मी ओरडणार होते. शब्द ओठांवर आले होते. मग तिने सुतळी सोडायला हात पुढे केले आणि पट्टीने फुटलेले तिचे तळवे मला दिसले. डोकं दुखतंय हे सुद्धा नाना तिच्याजवळच म्हणाले होते, माझ्याजवळ कधी नाही, कारण मलाही त्या आवाजाचा अभिमान होता. आम्ही दोघींनी मिळून धोतर सोडलं. आतून ते काळंकुट्ट झालं होतं.

परत आलो तेव्हा नाना खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसले होते. काका त्यांना आडवं करायला बघत होते. "भाऊ, तू काही मनले लाई लेऊ नको, लोकं काही बी..."

"तू गप बस," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोरी, इंजिन चालू कर. मंग मना कानमा सांग, डाक्टर काय बोलना ते. यास्नी ऐकाले नको."

माय पट्टी धरायला गेली. मी हँडल मारलं. पहिल्याच खेपेला इंजिनाने पेट घेतला, चाक घुमायला लागलं, आणि मागे पत्र्यावर टोपण बोलायला लागलं. कुक्, कुक्, कुक्. अंगणातली माणसं एकेक करून उठली, चपला शोधायला लागली. चुलतभावांनी बांबू उचलले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून कडेने, भिंतीला लावून नेले. हिरवे बांबू गल्लीतून लपवून कसे नेणार, हे त्यांनाच ठाऊक.

मी हात पुसून नानांजवळ बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलले. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. त्यांनी कानाला हात लावला. इंजिन भिंतीपलीकडे दणदणत होतं. मग मी ओरडले. दिवाळीपासून आम्ही जे दारांआडून, चुलीपाशी, एस.टी.च्या मागच्या सीटवर कुजबुजत होतो, ते मला माझ्या बापाच्या कानात घसा फाटेस्तोवर ओरडावं लागलं. गाठ आहे. पसरली आहे. इलाज नाही. प्रत्येक शब्दाला त्यांनी मान डोलवली, जणू मी दळणाचा हिशेब सांगत होते.

"कितला दिन?" त्यांनी विचारलं. त्यांना तर ओरडायची ताकद नव्हती, मी ते ओठांवरून ओळखलं.

मी हात हलवला. माहीत नाही.

त्यांनी गिरणीकडे बोट केलं आणि माझं डोकं जवळ ओढून घेतलं. "पट्टा चढाव. बायास्ना डबा थांबेल शेतस."

मी इंजिनाचा पट्टा चक्कीच्या चाकावर चढवला. त्या दिवशी कुणाची ज्वारी दळली, कुणाची बाजरी, मला काही आठवत नाही. सगळं धूसर दिसत होतं.

नाना त्यानंतर काही आठवडे होते. काकांशी ते फारसे बोलले नाहीत. मायवर रागावले नाहीत. उलट तिने घासून घासून धुतलेलं ते धोतर, डाग तसेच असताना, त्यांनी मागून घेतलं आणि पायांवर पांघरायला ठेवलं. डोकं दुखलं तरी टोपण बांधू द्यायचे नाहीत. रोज सकाळी इंजिन चालू झालं की ते डोळे मिटून ऐकायचे. पण रिंगा बदलायच्या, चौथरा बांधायचा, हे ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, आम्ही खोटंच बोलत राहिलो असतो तर निदान तो चौथरा तरी त्यांच्या मनात बांधून झाला असता. दुसऱ्या क्षणी वाटायचं, बरं झालं. दोन्ही खरं होतं, आणि कशानेच बरं वाटत नव्हतं.

महाशिवरात्रीच्या आसपास एका पहाटे ते गेले. मायने मला हलवून उठवलं. आम्ही दोघी खाटेजवळ बसलो. इंजिन अर्थातच चालू केलं नाही. ऊन अंगणात आलं, दळणाची वेळ झाली, टळली. शेताकडे जाणाऱ्या बैलगाड्या दारावरून गेल्या. कुणी थांबलं नाही.

गिरणी गप्प आहे हे सगळ्या गावाने ऐकलं असणार. पण गाव एकदा फसलं होतं. जित्या माणसासाठी बांबू घेऊन आल्याची लाज अजून ताजी होती, चुलतभावांची तर चावडीवर टिंगल व्हायची. तशी फजिती पुन्हा कोण करून घेणार? गिरणी बंद म्हणजे इंजिन बिघडलं, असं सगळ्यांनी धरलं. काकांचं घर दूर, शेतात. शेजारी हाक मारली असती तर कुणीही धावलं असतं, पण मी मारली नाही. मला हट्ट चढला होता. तेव्हा न बोलावता आले होते, आता येऊ देत. माय नानांच्या पायांवरचं धोतर सारखं करत बसली होती.

बऱ्याच वेळाने शेजारच्या अक्का आल्या. कमरेवर बाजरीचा डबा. घराकडे न येता त्या सवयीने गिरणीच्या दाराशी गेल्या, आत डोकावल्या, आणि थंड इंजिन बघून तिथूनच त्यांनी हाक मारली, "आज बी इंजिन बिघडनं का वं पोरी?"

मी उठून मधल्या दारात गेले. माझ्या मागे खाट त्यांना दिसत होती.

"नही अक्का," मी म्हटलं. "इंजिन चांगलं शे."